‘उत्तर बरोबर आहे सर, पण पटत नाही’ : कंबरदुखी, विचार आणि स्वसंमोहन, एक प्रकरण

पहिल्या भेटीत बाई खुर्चीत बसल्याच नाहीत. एक हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, मला वेड लागलेलं नाही, कंबर दुखते, तरी मला तुमच्याकडे पाठवलंय." दुखण्यासाठी मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलेला जवळपास प्रत्येक माणूस हे वाक्य कुठल्यातरी रूपात बोलतोच आणि त्यात त्याची चूक नसते, कारण पाठवणाऱ्याने बऱ्याचदा ‘रिपोर्टमध्ये फारसं काही नाही, टेन्शनचं असेल’ एवढंच तोंडावर फेकलेलं असतं. मी म्हटलं, बरं, उभ्यानेच बोलू. पहिली २० मिनिटं आम्ही दोघं उभेच होतो.

इथे त्यांना बाईच म्हणतो. शाळेत गणित शिकवतात, वय ४७. ओळख पटेल असे तपशील बदललेत, लिहायला त्यांची परवानगी आहे, वर "जिथे तुमचं चुकलं तेही लिहा" अशी अटही आहे. दोन ठिकाणी चुकलं. येईलच पुढे.

साडेतीन वर्षांपूर्वी वर्गातलं कपाट सरकवताना कमरेत चमक भरली. आठ-दहा दिवस आराम, गोळ्या, शेक, बरं वाटलं. दोन महिन्यांनी परत चमक, मग परत, आणि मधल्या दिवसांतही कंबर भरून यायला लागली. मग एमआरआय झाला, त्यात कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी थोडी फुगलेली आणि ‘झीज’. हा शब्द नीट लक्षात ठेवा कारण माझ्या मते निम्मं दुखणं या शब्दाने केलंय. रिपोर्ट हातात देताना कुणीतरी घाईघाईत म्हणालं, "मणके झिजलेत, आता आयुष्यभर जपा, वाकू नका, वजन उचलू नका, जिने टाळा." बाई शिस्तीच्या. सगळं अक्षरशः पाळलं. दुसऱ्या मजल्यावरचे वर्ग सहकारी बाईंशी बदलून घेतले, लेसचे बूट बंद, खालच्या कप्प्यातलं काही काढणं बंद, जमिनीवर बसणं बंद, पर्स सोडून दुसरी बॅग हातात घेणं बंद. साडेतीन वर्षांत आयुष्य हळूहळू इतकं लहान झालं की त्यांच्याही लक्षात आलं नाही, मी यादी करायला लावली तेव्हा १९ गोष्टी निघाल्या आणि बाई ती यादी बघून बराच वेळ गप्प बसल्या.

मध्येच एक महत्त्वाचं सांगून टाकतो. मन वगैरेकडे वळायच्या आधी शरीराची तपासणी पूर्ण झालेली असायलाच हवी. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बसायच्या जागेवर बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, कारण नसताना वजन घटणं, ताप, आधी कधी कॅन्सर झालेला असणं, रात्री आराम करतानाही न थांबणारं दुखणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, आणि पहिल्या दोन गोष्टींसाठी तर त्याच दिवशी हॉस्पिटल. बाईंच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी हे सगळं तपासून ‘धोक्याचं काही नाही, ऑपरेशनची गरज नाही’ असं लेखी दिलेलं होतं. त्याशिवाय मी संमोहनाचं नावही काढत नाही, कारण दुखणं दबलं आणि खालचा आजार वाढत राहिला असं व्हायला नको.

आता आकडे. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि १० म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट दुखणं, अशी साधी पट्टी असते. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "साडेसहा चालेल का?" चालेल म्हटलं. मग त्यांनी आठवडाभर दिवसातून तीनदा नोंद करून सरासरी काढून आणली, ६.४. असा पेशंट मिळणं म्हणजे भाग्यच, पण त्यात एक गोमही होती, दिवसातून तीनदा स्वतःच्या दुखण्याला नंबर देणारा माणूस दिवसभर दुखण्याकडेच बघत बसतो. (पुढे ही नोंद मी दिवसातून एकदाच, रात्री, अशी केली.)

दुसरं माप जास्त बोलकं निघालं. मायकेल सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक प्रश्नावली आणली, १३ वाक्यं, शून्य ते ५२ गुण, दुखत असताना डोक्यात काय चालतं त्यावर. सारखं तेच घोळवणं, पुढे काहीतरी भयंकर होणार असं वाटणं, आणि आपल्या हातात काहीच नाही असं वाटणं, या तीन गोष्टी त्यात मोजतात. साधारण ३० च्या वर गेलं की लक्ष द्यावं असं मानतात. बाईंचे ३८ आले. याला मराठीत काय म्हणावं हा मला कायमचा प्रश्न आहे, ‘बाऊ करणं’ हा शब्द अगदी फिट बसतो, पण तो पेशंटसमोर चुकूनही वापरू नये, कारण घरच्यांनी तो आधीच शिवीसारखा वापरून झालेला असतो. मी ‘मनाचा भोंगा’ म्हणतो. भोंगा खरा असतो, वाजतोही खरा, प्रश्न इतकाच की प्रत्येक वेळी आग तेवढी असते का.

हे काही माझं स्वतःचं तत्त्वज्ञान नाही. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या वेदना-संशोधकांनी मांडलं की मज्जारज्जूत एक गेट असल्यासारखं काम चालतं, खालून येणारे संदेश तिथे कमी-जास्त होतात आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते गेट उघडतात किंवा लोटतात. पुढे त्या मॉडेलचे तपशील बरेच बदलले पण मूळ गोष्ट टिकली, जखम आणि दुखणं यांचं एकास एक नातं नसतं. २०२० मध्ये वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसपी हिने व्याख्या सुधारली, त्यातही वेदना हा ‘शरीराचा आणि भावनेचा’ अनुभव आहे असंच म्हटलंय, आणि ऊतींना इजा झालेली असेल किंवा इजा झाल्यासारखं वाटत असेल, दोन्ही धरलंय. म्हणजे बाईंचं दुखणं खरंच होतं. पहिल्या भेटीचा अर्धा वेळ मी हेच सांगण्यात घालवला आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

‘झीज’ शब्दाचं काय करायचं? त्यांच्यासमोर मी २०१५ चा एक आढावा ठेवला. ज्यांची पाठ-कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन एकत्र तपासले, तर २० वर्षांच्या वयात ३७ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज दिसते, ४० च्या वयात ६८ टक्के, आणि ८० मध्ये ९६ टक्के. गादी फुगलेली दिसणं ४० च्या वयात ५० टक्के. न दुखणाऱ्या लोकांमध्ये, हं. बाईंनी तो तक्ता दोनदा वाचला, म्हणाल्या, "म्हणजे केस पांढरे होण्यासारखं." मला वाटलं झालं, काम फत्ते! कसलं काय.

पहिल्या चार भेटी निव्वळ सीबीटीच्या झाल्या. सीबीटी म्हणजे ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मुळात डिप्रेशनसाठी घडवलेली पद्धत, विचार पकडायचा, तपासायचा, जास्त वास्तवाला धरून असलेला विचार त्याजागी ठेवायचा. तक्ता असतो, प्रसंग, विचार, भावना, बाजूचे पुरावे, विरुद्ध पुरावे, पर्यायी विचार. बाईंनी तक्ते इतके सुंदर भरले की नमुना म्हणून छापावेत. एक उदाहरण देतो. प्रसंग, शाळेच्या जिन्यासमोर उभी. विचार, ‘चढले तर मणका सरकेल आणि मी कायमची अंथरुणाला खिळेन’. विरुद्ध पुरावा, डॉक्टरांनी सांगितलंय मणका असा सरकत नाही, आणि आतापर्यंत तीसेक वेळा चमक आली आणि प्रत्येक वेळी काही दिवसांत उतरली. पर्यायी विचार, ‘दुखेल कदाचित, पण इजा होणार नाही.’

वाचून मी खूश. बाई म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे सर, पण पटत नाही."

मी आकड्यांवर आलो, म्हटलं, तीसपैकी तीस वेळा उतरलीय ना. त्यावर त्या, "उदाहरणांनी सिद्धता होत नाही सर. एकतिसाव्या वेळी नाही उतरली तर? तुम्ही खात्रीने सांगा." खात्री मी कुठून आणू! कुणीच देऊ शकत नाही. आणि हेच खरं दुखणं होतं, कमरेच्या खालचं म्हणा हवं तर, बाईंना शक्यता नको होती, सिद्धता हवी होती. गणिताच्या मास्तरीण बाईंशी वाद घालून मी जिंकणार नव्हतोच, आणि जिंकलो असतो तरी जिन्यासमोर उभं राहिल्यावर पाय थरथरायचे ते थरथरलेच असते. चार आठवड्यांनी दुखणं ६.१ आणि भोंगा ३५. म्हणजे फरक जवळपास नाहीच.

मग संमोहन. ते सुचवलं तेव्हा बाई हसल्या आणि घाबरल्याही, डोळ्यापुढे लोलक, माझ्या ताब्यात जाणार, तोंडातून काहीबाही निघणार. यातलं काहीही होत नाही. संमोहन म्हणजे एका गोष्टीकडे एकवटलेलं लक्ष, आजूबाजूचं भान पुसट होणं आणि सूचनेला मन जरा जास्त सहज प्रतिसाद देणं, इतकंच. पेशंट ऐकत असतो, नको वाटलं तर डोळे उघडून उठू शकतो. ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द १८४० च्या दशकात जेम्स ब्रेड या स्कॉटिश सर्जनने रुळवला, आणि त्याच दशकात, १८४५ पासून, जेम्स एस्डेल नावाचा दुसरा स्कॉटिश सर्जन बंगालमध्ये हुगळीला भुलीच्या औषधाशिवाय, मेस्मेरिझम, म्हणजे संमोहनाचं आधीचं रूप, वापरून ऑपरेशनं करत होता. पुढे ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि हे सगळं मागे पडलं, साहजिक आहे, औषध सगळ्यांवर चालतं, संमोहन सगळ्यांवर सारखं चालत नाही. साधारण दहातले एक-दोन लोक खूप प्रतिसाद देतात, तेवढेच जवळजवळ नाहीच देत, बाकीचे मध्ये कुठेतरी. बाई मधल्याच निघाल्या.

आता पहिली चूक. मी नेहमीचाच मजकूर वापरला, डोळे मिटा, श्वास, आणि आता तुम्ही एक जिना उतरताय, दहा पायऱ्या, प्रत्येक पायरीला शरीर सैल... सातव्या पायरीपर्यंत बाईंचे खांदे कानापर्यंत आले. ज्या बाईला जिन्याची धास्ती तिला मी जिन्यावरून खाली नेत होतो! अक्षरशः कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. थांबवलं, डोळे उघडायला लावले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "फळा चालेल का?" आणि मग त्यांनीच सुचवलं ते कायम राहिलं, मनात फळ्यावर १० लिहायचा, डस्टरने सावकाश पुसायचा, पुसताना श्वास सोडायचा, मग ९. बहुतेक वेळा ४ पर्यंत येईतो चेहरा सैल पडलेला असायचा.

दुसरी चूक जास्त मोठी आणि मला वाटतं बरेच जण तीच करतात. त्या आणि पुढच्या भेटीत मी थेट दुखण्याला हात घातला, कंबर गार पडतेय, बधिर होतेय, दुखणं विरघळतंय. खुर्चीत असताना थोडं कमी व्हायचं, उठल्यावर जैसे थे. कारण विचारलं तर बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "सर, मी आतल्या आत सारखी तपासत होते, गेलं का, गेलं का." झालं ना! दुखणं घालवायची सूचना दिली की मन दुखणं गेलं का ते बघायला तिथेच जाऊन बसतं, म्हणजे ज्या चौकशीने भोंगा वाजतो तीच चौकशी मी पैसे घेऊन शिकवत होतो.

इथे एक जुना प्रयोग आठवला. १९९७ मध्ये रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी लोकांना संमोहित करून हात ४७ अंशाच्या आसपासच्या, म्हणजे चांगल्याच पोळणाऱ्या पाण्यात ठेवायला लावले आणि सूचना फक्त त्रासाबद्दल दिल्या, म्हणजे हे किती असह्य वाटतंय ते वाढेल किंवा कमी होईल. मेंदूच्या स्कॅनमध्ये बदल दिसला तो पुढच्या सिंग्युलेट भागात, जो वेदनेच्या भावनिक बाजूशी जोडलेला मानतात, स्पर्श-संवेदना नोंदवणाऱ्या भागात तसा बदल नव्हता. २००१ मध्ये त्याच गटाने सूचना दुखण्याच्या तीव्रतेवर रोखल्या तेव्हा संवेदनेच्या भागात फरक दिसला. मला यातून घेण्यासारखं एवढंच, सूचना कुठे रोखता त्यावर खूप काही आहे. बाईंचा प्रश्न तीव्रतेचा कमी आणि ‘याचा अर्थ काय’ याचा जास्त होता. मग बधिर करायच्या मागे का लागलो होतो मी?

आणि दुसरं, मार्क जेन्सन यांच्या गटाचं काम. २०११ मध्ये त्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा एक आजार) आणि जुनाट वेदना असलेल्या १५ लोकांना स्वसंमोहन, विचार-बदल, आणि दोन्ही एकत्र, म्हणजे संमोहनाच्या आत विचार-बदलाच्या सूचना, असं वेगवेगळं शिकवून बघितलं आणि एकत्र केलेल्याचा फायदा जास्त दिसला. १५ लोक म्हणजे फार काही नाही. पण माझ्यासमोरचं कोडं तेच होतं, तक्त्यात बरोबर उत्तर तयार आहे, ते पटायची वाट बंद आहे, आणि संमोहनात वाट थोडी उघडते पण आत काय ठेवायचं ते मी चुकीचं निवडलंय.

सातव्या भेटीपासून आम्ही तक्ते परत काढले आणि त्यातून सूचना तयार केल्या. बाईंच्याच शब्दांत, हे महत्त्वाचं. आधी दुखण्याचे शब्द वेगळे केले, आपल्या भाषेत त्यासाठी किती शब्द आहेत बघा, चमक, कळ, ठणका, सणक, रग, भरून येणं, अवघडणं, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. बाईंच्या डोक्यात ‘चमक’ म्हणजे धोका होता आणि ‘रग’ म्हणजे काम केल्याची खूण, जसं दिवसभर फळ्यावर लिहून दंडाला रग लागते आणि त्याची कुणाला भीती वाटत नाही. तपासलं तर दिवसातला बराचसा वेळ कमरेत असायची ती रगच, पण तिला त्या मनात चमकेच्याच खात्यात टाकायच्या.

तर ट्रान्समध्ये, म्हणजे संमोहनाच्या त्या एकवटलेल्या अवस्थेत, सूचना साधारण अशा, मी हळू आवाजात, मध्ये भरपूर जागा सोडून म्हणायचो, "कंबर काहीतरी सांगतेय... ऐकू येतंय... ही रग आहे, वापरलेल्या स्नायूंची रग... रग येते, थांबते, जाते, तिला घालवायला लागत नाही... आणि मन विचारतंय, नक्की का... नक्की नाही... आणि नक्की नसतानाही श्वास चालू आहे, पाय जमिनीवर आहेत, तुम्ही इथे आहात..." शेवटचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. खात्री देण्याऐवजी खात्री नसण्याची सवय. पहिल्यांदा ते ऐकून बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, नंतर विचारलं तर म्हणाल्या, "कुणीतरी पहिल्यांदा खरं बोललं."

शेवटी एक खूण बांधायची, म्हणजे ट्रान्सच्या बाहेर वापरायची किल्ली. बाईंची खूण, अंगठा आणि तर्जनी खडू धरल्यासारखी जुळवायची, एक खोल श्वास क्षणभर धरायचा, सोडताना बोटं सोडायची आणि मनात म्हणायचं ‘रग आहे’. वर्गातही करता येतं, कुणाला कळत नाही.

स्वसंमोहन म्हणजे हेच, पण स्वतः. मी १८ मिनिटांचं रेकॉर्डिंग करून दिलं, रोज एकदा, बसून (झोपून केलं की झोप लागते, रात्री ते चालतं, पण सराव म्हणून बसूनच). गाडी चालवताना ऐकायचं नाही हे मी प्रत्येकाला तीनदा सांगतो. दोन आठवड्यांनी बाई म्हणाल्या की तुमचा आवाज नको, मी माझ्या आवाजात केलंय, आणि त्यात ‘तुम्ही’ काढून ‘तू’ केलंय, स्वतःला कोण अहो-जाहो करतं. ते ऐकलं, वर्गात शिकवतात त्या ठाम सुरात होतं, माझ्या गुळगुळीत आवाजापेक्षा कितीतरी चांगलं. आठवड्यातून सरासरी पाच-सहा दिवस त्यांनी केलं, सातही दिवस कधीच नाही, आणि मी त्यावरून बोललो नाही.

फक्त डोळे मिटून बसल्याने जिना चढता येत नाही. त्यामुळे सोबत फिजिओच्या सल्ल्याने हालचाल, आणि ती घड्याळावर, दुखण्यावर नाही. दुखेपर्यंत चालायचं आणि मग थांबायचं असं केलं की शरीर शिकतं, थांबण्यासाठी दुखावं लागतं. चालणं ६ मिनिटांपासून, बरं असो वा वाईट, ६ म्हणजे ६, मग आठवड्याला तीन मिनिटं वाढ. चांगल्या दिवशी उत्साहात जास्त चालायचं नाही, हे त्यांना जास्त जड गेलं. जिना चार पायऱ्यांपासून, आधी मनात, फळा पुसून झाल्यावर स्वतःला चढताना बघायचं, मग प्रत्यक्ष.

घरचा एक प्रसंग सांगायलाच हवा. एका भेटीला बाईंचे यजमान आले, अतिशय प्रेमळ माणूस, दारातून आत येतानाच बायकोच्या हातातली पर्ससुद्धा काढून घेतली. मी विचारलं, "ही रोज तुम्हीच घेता?" ते म्हणाले, "तिला त्रास नको ना सर." बाई एकदम म्हणाल्या, "अहो, पण मला विचारलंत का कधी?" दोन मिनिटं अवघड शांतता. प्रेमापोटी केलेली प्रत्येक मदत पेशंटला सांगत असते की तू मोडकी आहेस, हे समजावणं फार नाजूक काम, कारण समोरच्याची चूक काहीच नसते. ठरलं असं की मागितल्याशिवाय मदत नाही, आणि ‘आज किती दुखतंय’ हा प्रश्न घरात बंद, त्याऐवजी ‘आज वर्गात काय झालं’.

आठव्या आठवड्यात परीक्षा झाली. खाली वाकून बुटाची लेस बांधताना, म्हणजे यादीतली गोष्ट परत सुरू केली त्याच दिवशी, शिंक आली आणि कमरेत जोरदार चमक. आधीच्या हिशोबाने पाच दिवस अंथरूण. पहिली २० मिनिटं त्यांनी तेच केलं जे सगळे करतात, घाबरल्या, आडव्या झाल्या, स्वसंमोहन लावून दुखणं घालवायचा प्रयत्न केला, काहीही झालं नाही, मला फोन. "सर, तुमचं हे चालत नाही." पायात बधिरपणा, ताकद, लघवी, सगळं विचारून घेतलं, धोक्याचं काही नव्हतं. मग म्हटलं, दुखणं घालवू नका, आज चमकच आहे, तिला रग म्हणायची पण गरज नाही, खोटं बोलू नका स्वतःशी. फक्त विचारा, आत्ता याक्षणी माहिती काय आहे आणि अंदाज काय आहे. संध्याकाळी मेसेज आला, ‘माहिती : चमक आली, ८ आहे. अंदाज : कायमची अंथरुणाला खिळणार. अंदाज खोडला नाही, नुसता अंदाज असं लिहून ठेवला.’ दुसऱ्या दिवशी घरातल्या घरात ठरलेल्या वेळेच्या निम्मं चालल्या, तिसऱ्या दिवशी शाळेत. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी दोन दिवस घेतली, आणि त्यात काही कमीपणा नाही हेही सांगावं लागलं. (नियमित चालू असलेली नसांची गोळी त्यांना मनानेच बंद करायची होती, ती डॉक्टरांना विचारूनच, टप्प्याटप्प्याने कमी झाली. अशा गोळ्या एकदम तोडू नयेत.)

एकूण १४ भेटी झाल्या. शेवटच्या आठवड्याची सरासरी ४.३, म्हणजे ६.४ वरून साधारण एक तृतीयांश घट, जुनाट वेदनेत ३० टक्के किंवा दोन अंक कमी होणं हा अर्थपूर्ण फरक मानला जातो, त्यामुळे बरा निकाल, चमत्कार नाही. भोंगा मात्र ३८ वरून १८. चालणं ३५ मिनिटं, दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग परत घेतला. सहा महिन्यांनी बघितलं तर दुखणं ४.५, भोंगा २०. म्हणजे कंबर अजून दुखते! हे स्पष्ट लिहितो कारण ‘संमोहनाने वेदनामुक्ती’ असल्या जाहिराती वाचून लोक येतात आणि हिरमुसून जातात.

आता यातलं नेमकं कशाने झालं? खरं सांगायचं तर एका प्रकरणावरून सांगता येत नाही. सोबत व्यायाम होता, घरचं वातावरण बदललं, कुणीतरी १४ तास मन लावून ऐकलं, आणि माणूस मदत मागायला येतो तोच सगळ्यात वाईट काळात, त्यानंतर थोडं बरं होणं आपोआपही घडतं. पहिल्या चार भेटी वाया गेल्या असंही मी म्हणणार नाही, त्या तक्त्यांशिवाय सूचनांना आशयच मिळाला नसता. मोठ्या अभ्यासांचं म्हणाल तर जुनाट वेदनेसाठी मानसोपचारांचा कॉक्रेन या वैद्यकीय आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०२० चा आढावा, ७५ अभ्यास, त्यातले बहुतेक सीबीटीचे, नऊ हजारांवर लोक, सीबीटीचा फायदा आहे पण सरासरीने छोटा असं सांगतो. संमोहनाचे आकडे जास्त देखणे दिसतात, २०१९ मध्ये ८५ नियंत्रित प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात जास्त प्रतिसाद देणाऱ्यांत वेदना ४२ टक्के आणि मध्यम लोकांत २९ टक्के कमी झाली, पण ते प्रयोग प्रयोगशाळेत मुद्दाम दिलेल्या तात्पुरत्या वेदनेवरचे, वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीला तो आकडा जसाच्या तसा लावू नये.

आणि सगळ्यांना हे द्यायचं नाही. भास-भ्रम होत असतील, आत्महत्येचे विचार चालू असतील, जुन्या आघातामुळे मध्येच भान हरपण्याचा त्रास असेल, तर रेकॉर्डिंग लावून घरी एकट्याने करू नये, आधी मानसोपचार तज्ज्ञ. प्रशिक्षण नसलेल्या माणसाकडून तर नकोच, नुसता आवाज चांगला असून भागत नाही.

१९ गोष्टींच्या यादीतल्या १५ वर बाईंनी रेघ मारलीय. जमिनीवर बसणं बाकी आहे, तिथे अजून पाय थरथरतात आणि फळ्यावरचा आकडा ७ च्या खाली उतरत नाही. पुढच्या भेटीला आम्ही दोघं खुर्च्या बाजूला सारून आधी उशीवर बसून बघणार आहोत, किती वेळ ते घड्याळ लावून.